तिकिटावरचा स्वेटर

निवृत्त मास्तर फक्त लेखकांचीच तिकिटं जमवायचे. आज एका दिवंगत लेखकाचं नवं तिकीट निघालं होतं. ते घेऊन मास्तर पोस्टाच्या काउंटरपाशीच भिंगातून न्याहाळत होते. मागे दोघी मायलेकी काचेवर लावलेला नमुना बघत होत्या.

"आई, बाबांचं तिकीट निघालंय आणि तुझा चेहरा असा?"

"हा फोटो आपल्या घरातला नाही."

"कुठल्या तरी सभेतला असेल."

"सभेत असे हसायचे ते? आणि हा स्वेटर कुठला?"

"बाबांचाच असणार ना!"

"मी तीन विणले. लोकर चावते म्हणून एकही अंगाला लावला नाही."

"मग हा विकतचा असेल."

"अहो, तुमचं भिंग द्या जरा."

मास्तरांनी भिंग पुढे केलं.

"बघ, गळ्याची पट्टी वाकडी गेलीय. विकतची अशी असते? धड विणताही येत नाही तिला."

"तिला म्हणजे कुणाला?"

"तेच तर विचारतेय." बाई काउंटरवरच्या कारकुनाकडे वळल्या. "साहेब, हा फोटो दिला कुणी?"

"माहितीपत्रकात आहे, बाई. छायाचित्र, खासगी संग्रहातून."

"खासगी! ऐकलंस?"

"आई, लोक बघतायत. दोन तिकिटं घेऊ आणि निघू."

"साहेब, ही किती शिल्लक आहेत?"

"चाळीसेक शीट असतील."

"सगळी द्या."

"अगं, एवढी पत्रं कुणाला लिहिणारेस?"

"कुणालाही नाही."

भिंग परत द्यायला बाई वळल्या. मास्तरांनी आपलं तिकीट हळूच खिशात सरकवलं.

"खिशात काय टाकलंत, भाऊ?"