रिकाम्या जाळीतला गोल

धारवाला: ...कारण फिनलंडने गोली, म्हणजे गोलकीपरच बाहेर काढला, वहिनी. तिथेच घात झाला. एका गोलने मागे, वेळ संपत आलेली, म्हणून गोलीला बाकावर बसवला आणि त्याच्या जागी एक गडी जास्तीचा आणला. जाळी उघडी टाकली. आइस हॉकीत समोर कॅनडा असताना असं कुणी करतं का?

वहिनी: चहा घेणार का विचारलं मी, भाऊजी.

धारवाला: हो, म्हणजे... नको. असला तर घेतो.

वहिनी: असला तर म्हणजे काय? करावाच लागतो. बसा. बूट तिथेच राहू द्या, फरशी ओली आहे.

धारवाला: झोपलाय का तो?

वहिनी: आंघोळीला गेलेत. हल्ली वेळ लागतो त्यांना.

धारवाला: असू दे, असू दे. आपली टीम असती तर मॅचला आणखी मजा आली असती. पण ती पहिल्याच फेरीत घरी गेली. घरी तरी कुठे जाणार म्हणा, स्पर्धा आपल्याच गावात. घरीच होती.

वहिनी: साखर किती?

धारवाला: एक चमचा.

वहिनी: काल रात्री लेकीचा फोन आला होता.

धारवाला: काय म्हणाली?

वहिनी: हॉस्टेलवर सगळ्या मुली टीव्हीसमोर बसल्या होत्या. हिनेच बसवलेल्या. आमचे बाबा मॅचला गेलेत, गर्दीत कुठेतरी दिसतील म्हणाली. दिसले.

धारवाला: वहिनी, मी सकाळपासून...

वहिनी: तिला आम्ही आजाराचं काही सांगितलं नव्हतं. परीक्षा झाली की सांगू, असं ठरलेलं. फोनवर ह्यांचा आवाज बारीक यायचा, तर दाढ काढलीय म्हणून सांगितलं. माझ्या माहेरी माहीत नाही, ह्यांच्या डेपोत माहीत नाही. बाहेरच्या एकाच माणसाला माहीत होतं. ते तुम्ही.

धारवाला: हो.

वहिनी: एकाच खेळाडूने तीन गोल केले की लोक आपापल्या टोप्या बर्फावर फेकतात, हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं ह्यांना टोप्या आणून द्यायचं काम माझ्याकडेच आहे. मला फक्त एवढं सांगा, आपापल्या म्हणजे आपापल्याच ना?

धारवाला: मी टोपी घालत नाही. टाळू खाजते माझी. म्हणून पहिल्यापासून ह्याचीच उडवतो. तुमचं लग्न व्हायच्या आधीपासून. हा शिव्या घालतो, मी हसतो, ठरलेलंच आहे ते. काल तिसरा गोल झाला आणि हात गेला, वहिनी. डोकं मध्ये आलंच नाही.

वहिनी: आलं की. सगळ्या स्टेडियमने पाहिलं.

(ड्रायव्हर आतून येतो. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.)

ड्रायव्हर: कोण आलंय? अरे वा, साक्षात कॅनडा. चहा दिलास का कॅनडाला?

धारवाला: तू बस आधी. उभा राहू नकोस.

ड्रायव्हर: उभं राहिल्याने काही होत नाही. दिवसभर बस चालवायचो तेव्हा उभं राहायला तरसायचो. काय म्हणत होतास गोलीचं? आतपर्यंत ऐकू येत होतं.

धारवाला: काही नाही. ते जाऊ दे.

ड्रायव्हर: जाऊ दे कसं? फिनलंडने बरोबर केलं. हरतच होते, मग एका गोलने काय नि दोनने काय. निदान धडपडले. आणि तुझ्या त्या कॅनडावाल्याने काय केलं? समोर कुणी नाही, जाळी मोकळी, अर्ध्या मैदानावरून चकती ढकलून दिली. हा काय गोल झाला? आमची लेक चौथीत असताना मारायची असले.

धारवाला: हे बघ, नियमात गोल म्हणजे गोल. पहिले दोन त्याने दोघादोघांना चकवून मारलेत की नाही? मग? तीन झाले म्हणजे तीन झाले. उद्या तू म्हणशील, बर्फ घसरडा होता म्हणून...

ड्रायव्हर: बोल, बोल. थांबलास का?

धारवाला: मी हे काय बोलत बसलोय?

ड्रायव्हर: नेहमीचंच बोलतोयस. मागच्या स्पर्धेत तू स्वीडनचा होतास. त्याच्या आधी चेकचा. जो जिंकतोय त्याच्या गोटात तू. मी आपला फिनलंडला धरून बसलोय, कधी जिंकतात, कधी नाही.

वहिनी: लेक सकाळच्या गाडीने निघालीय, दुपारी पोचेल. उद्याचा पेपर सोडून.

धारवाला: पेपर सोडून?

वहिनी: नको येऊस म्हटलं. फोन ठेवून दिला तिने.

धारवाला: मला मारा तुम्ही दोघं. खरंच. असं चहाबिहा देऊन बोलू नका.

ड्रायव्हर: मारून काय होणार? स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर काय दिसलं ते तू पाहिलंस का?

धारवाला: पाहिलं.

ड्रायव्हर: लोकांना वाटलं, हा गडी टीमसाठी मुद्दाम भादरून आलाय. शिट्ट्या काय, टाळ्या काय. केमोने झालेला एवढा मोठा माझा गोटा, पडद्यावर मावेना. मग मी हात हलवला. दुसरं काय करणार? वीस हजार लोकांना समजावून सांगणार?

धारवाला: मीपण वाजवल्या.

ड्रायव्हर: काय?

धारवाला: टाळ्या. मला वाटलं, पडद्यावर आपण दिसतोय. मी नाचत होतो. तू खाली वाकून डोकं झाकायला मफलर शोधत होतास आणि मी तुला खांद्याला धरून वर ओढत होतो. मला वाटलं, हरलास म्हणून तोंड लपवतोयस. घरी जाताना बसमध्ये कळलं मला मी काय केलं ते. तोवर तू उतरून गेला होतास. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. लाज वाटते रे. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ड्रायव्हर: ती पिशवी कसली?

धारवाला: सकाळी रिंकवर लवकर गेलो. स्केटच्या पात्यांना धार लावायच्या माझ्या खोलीच्या मागे गोदाम आहे, तिथे कालच्या टोप्या पोत्यांत भरून ठेवल्या होत्या. सगळी पोती उपसली. ही घे.

ड्रायव्हर: ह्या तर तीन आहेत.

धारवाला: ह्यातलीच एखादी असेल. राखाडी, लोकरीची. तिन्ही सारख्याच दिसतात, म्हणून म्हटलं तिन्ही नेऊ, तू ओळखशील.

ड्रायव्हर: माझी हिरवी होती.

धारवाला: हिरवी?

वहिनी: गडद हिरवी, वर गोंडा असलेली. लेकीने विणलेली. थंडीत बसवर घाला म्हणून दिली होती. दोन महिने ती एकच टोपी आहे डोक्यावर. झोपतानासुद्धा.

ड्रायव्हर: स्केटच्या पात्याची धार सुईच्या टोकाएवढी बोथट झाली तरी तुला लांबून दिसते. आणि माझी टोपी हिरवी का राखाडी ते दिसलं नाही?

धारवाला: नाही दिसलं.

ड्रायव्हर: काल तू हाताने काढलीस ती.

धारवाला: मी बघतच नव्हतो रे. तू मला सांगितलंस ना, त्या दिवसापासून तुझ्या डोक्याकडे बघितलंच नाही मी. तू बोलायला लागलास की मी भिंतीकडे बघतो, कपाकडे बघतो. काल सगळा वेळ बर्फाकडे बघत होतो. हॉस्पिटलात येतो म्हणालो चारदा, दारापर्यंत येऊन परत गेलो. तुला सांगितलं रिंकवर काम निघालं. काम कसलं? भीती वाटली. तू तसा दिसशील म्हणून.

वहिनी: दारापर्यंत आला होतात?

धारवाला: फाटकापर्यंत.

ड्रायव्हर: मला माहीत होतं. खिडकीतून दिसायचं ते फाटक.

धारवाला: मग बोलला का नाहीस?

ड्रायव्हर: काय बोलणार? म्हणून तर मॅचची तिकिटं काढली. म्हटलं, तिथे तरी शेजारी बसेल.

वहिनी: डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका सांगितलं होतं. ऐकलं नाही ह्यांनी. काय म्हणे, तो एकटा कसा बघणार मॅच.

धारवाला: असं नका ना सांगू.

ड्रायव्हर: बरं, रडू नकोस आता. टॉवेल ओला झालाय, काढतो मी. इकडे बघ.

धारवाला: हं.

ड्रायव्हर: इकडे. कपात नाही.

धारवाला: बघतोय.

ड्रायव्हर: नीट?

धारवाला: कानामागे डाग आहे तुझ्या. जुना आहे का?

ड्रायव्हर: लहानपणी तूच दगड मारला होतास.

धारवाला: अजून आहे?

ड्रायव्हर: केस होते म्हणून दिसत नव्हता. उद्या फिनलंडची तिसऱ्या नंबरची मॅच आहे. हरलेल्यांची. घरीच बघणार आहे मी, तिथे नको आता. येशील?

धारवाला: येईन. फिनलंडच्या बाजूने बसेन.

ड्रायव्हर: कुठे का बस. पण त्याआधी एक काम कर. दुपारी स्टँडवर जाऊन लेकीला घेऊन ये. हिला मला सोडून जाता येणार नाही.

धारवाला: मी? तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? वहिनींना पाठव, मी बसतो तुझ्यापाशी.

वहिनी: काका म्हणते ती तुम्हाला. तुम्हीच जा.

ड्रायव्हर: आणि बघ, ती पहिल्यांदा टोपीचंच विचारेल. तिचा जीव होता त्या टोपीत.

धारवाला: सांगेन, मी फेकली. बाबांनी नाही, मी.

ड्रायव्हर: कशासाठी फेकली म्हणेल.

धारवाला: रिकाम्या जाळीतल्या गोलासाठी, म्हणून सांगेन.