मोतीबिंदू होता तोवर सायकल बरी होती

...आणि वर मलाच म्हणतात, जपून! अहो, कुणाला सांगताय जपून? एकोणचाळीस वर्षं सायकल चालवतोय मी, घर ते छापखाना आणि छापखाना ते घर. त्यातली शेवटची दोन वर्षं तर, तुम्हाला सांगतो, समोर उभा आहे तो माणूस आहे की पोस्टाची पेटी, हे तो शिंकला तरच कळायचं मला, तरी चालवली... एक ओरखडा नाही. ना मला, ना सायकलला, ना पेटीला. तेव्हा आलं का कुणी जपून म्हणायला? आणि आता डोळ्यात नवं कोरं भिंग बसवलंय, पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शर्टाची बटणं मोजून दाखवतो इथून, सहा आहेत, त्यातलं एक लोंबतंय... तर आता जो उठतो तो जपून! दिसत नव्हतं तेव्हा कुणी काही म्हणालं नाही!

आता तुम्ही म्हणाल, दिसत नव्हतं तर काम कसं करत होतात? अहो, मी बाइंडर आहे. पुस्तकं बांधतो. पानांच्या घड्या जुळवायच्या, टाके घालायचे, पुठ्ठा चढवायचा, हे सगळं बोटांना कळतं, डोळे नुसते सोबतीला. त्यामुळे मोतीबिंदू उजव्या डोळ्यात पिकून बसला आणि डाव्यात पिकायला लागला तरी माझं काही अडलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, म्हणाल्या, काका, तुम्ही इथवर आलात कसे? मी म्हटलं, सायकलवरून. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं, मग आमच्या हिच्याकडे बघितलं. ही पंख्याकडे बघत होती. मला वाटलं पंखा बंद पडलाय म्हणून बघते आहे.

ऑपरेशन म्हणाल तर पंधरा मिनिटांचं. दाढी करायला जास्त वेळ लागतो. पण त्यानंतरचे नियम! वाकायचं नाही. वजन उचलायचं नाही. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. धुळीत जायचं नाही. उजव्या कुशीवर झोपायचं नाही. मग माणसाने करायचं काय, तर म्हणे आराम. आणि दिवसातून सहा वेळा औषधाचे थेंब. हिने फ्रिजवर कागद चिकटवला, त्यावर वेळा लिहिल्या, गजर लावला, आणि प्रत्येक गजराला बाटली घेऊन अशी धावत यायची की माझा डोळा आपोआप मिटायचा. मग थेंब नाकावर, थेंब गालावर, एकदा तर कानात... आठवड्याभरात डोळा सोडून सगळ्या तोंडाला औषध झालं. वर मलाच, अहो, डोळा उघडा ठेवता येत नाही का तुम्हाला?

आणि दिसायला लागलं हो, सगळं दिसायला लागलं. पहिल्याच दिवशी आरशात बघितलं तर आत आमचे वडील उभे. ते जाऊन वीस वर्षं झाली! मी दचकलो, तेही दचकले, मग आलं लक्षात. जिन्याखाली जाऊन सायकल बघितली. मध्ये एकदा रंगवून आणली होती, रंगाऱ्याला बजावून सांगितलं होतं, काळी पाहिजे... चॉकलेटी निघाली. दीड वर्ष चॉकलेटी सायकल काळी म्हणून चालवली मी, आणि घरातल्या एका माणसाने तोंड उघडलं नाही.

बरं, चालवू द्याल तर शपथ. कुलपाची किल्ली हिच्या जुडग्यात. मुलाला म्हटलं, निदान चाकात हवा तरी भरून ठेव, मला वाकायचं नाहीये. तर म्हणतो, बाबा, हवा भरली तर तुम्ही चालवाल. म्हणजे बघा. आणि शेजारचे सर्वज्ञ, त्यांचं नाव सर्वज्ञ नाही हो, पण आहेत, ते रोज संध्याकाळी यायचे, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणे त्यांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी ऑपरेशननंतर सायकल चालवली, खड्ड्यात चाक आदळलं आणि डोळ्यातलं भिंग बाहेर पडून घरंगळत गटारात गेलं. अहो, भिंग म्हणजे काय फाटक्या खिशातलं नाणं आहे? पण ही ऐकत होती, डोळे मोठे करून. तिचे डोळे चांगले आहेत, मोठे होतात.

आता थट्टा सोडा. खरी गोष्ट वेगळीच होती. मुलाचं म्हणणं, बाबा, सायकल आता पुरे, मी ऑफिसला जाताना सोडत जाईन तुम्हाला. तो निघतो पावणेसातला. छापखाना उघडतो नऊला. म्हणजे सव्वादोन तास मी पायरीवर, कुरियरने पोचवून ठेवलेल्या खोक्यासारखा. हे पटत नसेल तर म्हणे काम सोडा, काय कमी आहे तुम्हाला? काय कमी आहे! सायकल गेली की छापखाना गेला, आणि छापखाना गेला की मी खिडकीत बसून रस्त्यावरची माणसं मोजणार. भीती वाटत होती मला त्याची, सरळ सांगतो. ऑपरेशनची नव्हती वाटली तेवढी.

आणि त्या रस्त्यावर मान काय होता माझा, तुम्हाला कल्पना नाही! घरापासून छापखान्यापर्यंत बारा मिनिटांचा रस्ता. वाटेत तीन चौक. पहिल्या चौकात शिंपी. माझी घंटी वाजली की हा गडी दुकान सोडून रस्त्यात येऊन उभा, गळ्यात टेप, हात वर! दुसऱ्या चौकात न्हावी, गिऱ्हाईक अर्धवट साबणात ठेवून बाहेर, हात वर! तिसऱ्या चौकात फळवाला, त्याचे तर दोन्ही हात वर! चेहरे नाही दिसायचे मला, पण आकार कळायचे. मीसुद्धा मग काय, एक हात सोडून रुबाबात सलाम. दोन वर्षं, रोज, न चुकता. मुलाला मी सांगायचो, बघ, याला म्हणतात लोकांत मिळवलेली पुण्याई, तुझ्या त्या गाडीला कुणी करतं का हात वर? तो तोंड फिरवायचा. मला वाटायचं जळतो.

महिना झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भिंग छान बसलंय, चालवा सायकल, फक्त गॉगल लावा. मी घरी आलो ते भांडणाची तयारी करून. चार मुद्दे काढून ठेवले होते, पाचवा ऐन वेळी सुचला असता. तर हिने जुडग्यातून किल्ली काढली आणि ठेवली माझ्या हातावर. म्हणाली, या जाऊन. संसारात पहिल्यांदा ही बाई वाद न घालता हरली. तिथेच ओळखायला पाहिजे होतं मी! पण माणूस खुशीत असला की अक्कल जिन्याखाली ठेवून निघतो.

निघालो. आणि तुम्हाला सांगतो, पहिल्याच वळणावर करकचून ब्रेक दाबला. अहो, काय रस्ता आहे तो! खड्डे आहेत त्यात! एवढे खड्डे होते? गटाराचं झाकण अर्धं उघडं, बाजूला सळई वर आलेली, डावीकडून गाडी, उजवीकडून गाडी, आणि मोटारसायकलवाले तर असे अंगावरून जातात की त्यांच्या बनियनचा नंबर वाचावा. यातून मी रोज जायचो? गाणं गुणगुणत? उतरून मागे फिरावंसं वाटलं. पण म्हटलं, नाही, आपला शिंपी आहे पुढे, तो दिसला की धीर येईल. मारली घंटी. आणि बघतो तर शिंपी आत मशीनवर बसलेला. मान वर नाही केली! मी पुन्हा घंटी मारली. हात वर केला. शेवटी त्याने बघितलं आणि दोरा दाताने तोडता तोडता नुसती मान हलवली. म्हटलं, असेल कामात. पुढे न्हावी. न्हावी आत, गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा, बाहेर कुणी नाही. एक महिना घरी बसलो तर माणसाची किंमत एवढी उतरते? दिसत नव्हतं तेव्हा...! असा मनातल्या मनात जळफळत तिसऱ्या चौकात शिरलो आणि डावीकडच्या बोळातून टेम्पो आला.

आला म्हणजे काय, बोळातून टेम्पोच येणार, रोजच येत असणार. मी दोन्ही ब्रेक दाबले, हँडल फिरलं, आणि मी फळवाल्याच्या रिकाम्या खोक्यांच्या ढिगात. लागलं नाही. गॉगलसुद्धा जागेवर. टेम्पोवाला जे बोलायचं ते बोलून गेला, तेवढं त्याचं बरोबरच होतं. फळवाला धावला, मागून न्हावी धावला, न्हाव्याचा फोन गेला तसा गळ्यात टेप घेऊन शिंपीही पोचला. मला उठवून खोक्यावर बसवलं, पाणी दिलं. आणि शिंपी म्हणतो, "काका, आता तर दिसतं ना तुम्हाला?"

म्हटलं, दिसतं. पण तुम्ही लोकांनी ओळख का सोडलीत? महिनाभर दिसलो नाही तर हातसुद्धा वर करायचा नाही?

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी न्हावी बोलला. "काका, तो हात तुम्हाला नव्हता. गाड्यांना होता."

...हं. हसा. तुम्हीही हसा.

दोन वर्षं! मी घरातून निघालो की आमची ही फोन उचलायची आणि पहिला फोन शिंप्याला, निघाले बरं का. शिंपी न्हाव्याला कळवायचा, न्हावी फळवाल्याला. मग माझी घंटी ऐकू आली की हे तिघं आपापला चौक अडवून धरायचे. ट्रक थांबवले होते हो त्यांनी माझ्यासाठी. एकदा म्हणे शाळेची बस थांबवली होती, आतली मुलं खिडकीतून टाळ्या वाजवत होती, आणि मी त्यांनाही सलाम केला. "तुम्ही हात सोडलात की आमचा जीव वर यायचा," फळवाला म्हणाला. मी सुखरूप पोचलो की छापखान्यातून हिला फोन, आणि संध्याकाळी सुटलो की हीच साखळी उलटी. आणि ऑपरेशन झाल्यावर हिने तिघांना निरोप धाडला, आता दिसतं त्यांना, तुमचे उपकार विसरणार नाही, उद्यापासून तुमची सुटका. म्हणजे इकडे मी पुण्याई पुण्याई म्हणून छाती फुगवतोय आणि तिकडे अर्धा रस्ता डोळ्यांत तेल घालून माझी राखण करतोय. मुलगा जळत नव्हता. हसू दाबत होता.

सायकल हातात धरून घरी आलो. म्हटलं, आता हिला सोडत नाही. दारातच विचारलं, हा काय प्रकार? मला सांगता येत नव्हतं? ही भांडी पुसत होती, पुसतच राहिली. म्हणाली, "सांगितलं असतं तर सायकल सोडली असतीत?"

म्हटलं, नाही.

"ऑपरेशनला तयार झाला असतात?"

म्हटलं... नाही.

"दोन वर्षं लागली मला तुम्हाला त्या डॉक्टरीणबाईंपर्यंत न्यायला. तोवर काय करायला हवं होतं मी? किल्ली काढून घेतली असती तर तुम्ही खिडकीत बसून राहिला असतात. ते मला बघवलं नसतं."

एवढं बोलून तिने ताट फडताळात ठेवलं आणि दुसरं घेतलं. मी तिथेच उभा. लाज वाटली मला, खूप लाज वाटली. रोज नऊच्या आधी पंधरा मिनिटं ही बाई फोनपाशी उभी राहायची, दोन वर्षं, आणि मी संध्याकाळी येऊन हिलाच सांगायचो, आज बघ किती लोकांनी हात केला. दिसत नव्हतं तेव्हा कुणी काही म्हणालं नाही, असं मी गावभर सांगत फिरत होतो. खरंच आहे, म्हणालं नाही कुणी. म्हणण्यात वेळ घालवायला त्यांना सवड कुठे होती!

बरं, त्यानंतर काय? दुसऱ्या दिवशी गेलो पुन्हा. माघार घेतली तर सर्वज्ञ दारात टपलेलेच. पण आता दिसतं ना! प्रत्येक चौकात उतरतो, पाय टेकतो, इकडे बघतो, तिकडे बघतो, पुन्हा इकडे बघतो, तोवर तिकडून दुसरं काहीतरी येतं. बारा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास. चालत गेलो तर अर्ध्या तासात पोचतो, मोजून बघितलंय. परवा शिंपी बाहेर आला, हात वर केला, मला बरं वाटलं, तर म्हणतो, काका, जरा कडेला घ्या, मागे रांग लागली आहे.

आणि काल संध्याकाळी हिने जाहीर केलं, डाव्या डोळ्याची तारीख घेतली आहे, मंगळवार, सकाळी अकरा. मला न विचारता! म्हणजे पुन्हा थेंब, पुन्हा तो फ्रिजवरचा कागद, पुन्हा महिनाभर सायकल बंद. मी असा आवाज चढवला की मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला, सर्वज्ञ भिंतीपलीकडून खाकरले. माझ्या सायकलवर किती दिवस डोळा ठेवणार आहात तुम्ही लोक, माणसाला काही स्वातंत्र्य आहे की नाही, सगळं बोललो. बोलावं लागतं. एकोणचाळीस वर्षांचा प्रश्न आहे.

खरं सांगू? हायसं वाटलं होतं मला. मंगळवार म्हटल्याबरोबर.

हिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. मी किल्ली दिली. तेव्हा ही म्हणाली, उगाच त्रागा करू नका, महिनाच तर आहे, महिना झाला की देते परत. मी म्हटलं, डॉक्टर महिना म्हणतात गं, पण आपण आपले सहा आठवडे धरू... डोळ्याचं काम आहे, घाई नको.