काही शंका?

अयाकुचो शहराला जाणाऱ्या बसच्या रांगेत कासिल्डाबाईंच्या पुढे शिक्षिका व्हायला निघालेल्या दोन पोरी उभ्या होत्या.

“सिग्नलसाठी टेकडी चढतेस, आणि मोबाईलमधल्या बाईंना उठून नमस्कार करतेस? वेडी आहेस, योवाना!”

“बाई वर्गात आल्या की उभं राहायचंच असतं गं.”

“अगं, जुनं रेकॉर्डिंग आहे ते!”

“शेवटी ‘काही शंका?’ म्हणून त्या थांबतात ना, तेव्हा मी हातही वर करते.”

“मग?”

“मग काय, पडदा काळा होतो. तीन महिने एकच शंका घेऊन बसलेय.”

तो धडा रेकॉर्ड करताना, त्या प्रश्नानंतर थांबायला कासिल्डाबाईंनी रिकाम्या खोलीत, कॅमेऱ्यासमोर, मनात दहा आकडे मोजले होते.

“काही शंका?” त्यांनी मागून विचारलं.

योवानाचा हात आधी वर गेला, मान नंतर वळली.