प-फ-ब-भ-म

—नाही हो ताई, मला नाही टोचायचं काही, या वयात ओठ टोचून कुठे मिरवायचंय मला, मी तक्रार घेऊन आलोय. तक्रार म्हणजे—बसू का इथे? ही खुर्ची—अरे अरे अरे—मागे जाते होय! सांगायचं की आधी. नाही, असू दे, आता आडवा झालोच आहे तर आडवाच बोलतो, दातांच्या डॉक्टरकडे असंच असतं, फक्त तिथे तोंडात बोळे असतात म्हणून माणूस गप्प बसतो. तर तक्रार अशी. तुम्ही माझ्या मुलीचा ओठ टोचलात. खालचा, मधोमध नाही, जरा डावीकडे. आठवली? उंच, केस इथपर्यंत, हसायच्या आधी डोळे मिटते—हां, तीच. तर तिला ओठाला ओठ लावता येत नाही. म्हणजे प म्हणता येत नाही, फ नाही, ब नाही, भ नाही, म नाही. आणि त्यामुळे—आता त्यामुळे बरंच काही होतं, पण मुख्य म्हणजे तिला ‘बाबा’ म्हणता येत नाही. टोचून घेतल्यापासून एकदाही नाही. आता तुम्हीच सांगा, ही सूज राहते किती दिवस?

काय? त्या मास्कमधून काही कळत नाही, मोठ्याने—हं. तीन-चार दिवस. फार तर आठवडा. आणि एखाद्याची जास्त टिकते का? म्हणजे कातडी नाजूक असली तर? आमच्याकडे नाजूकच आहे सगळ्यांची, माझ्या आत्याला डास चावला तर ती आठवडाभर लोकांना दाखवत फिरायची. महिना? महिना-सव्वा महिना राहू शकते की नाही? मान हलवू नका हो एवढ्या लवकर, जरा विचार करून हलवा.

तुम्हाला वाटेल, या माणसाला काय एवढं अक्षरांचं पडलंय—पण माझा धंदाच ओठांचा आहे. बसस्थानकावर घोषणा करतो मी, काचेच्या खोलीत बसून. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’—ऐकलाय ना आवाज? तोच मी. समोर आल्यावर कुणी ओळखत नाही, पण डोळे मिटून बोललो की रिक्षावालेसुद्धा वळून बघतात. तर आमच्याकडे सगळा मामला प-फ-ब-भ-मचा. बस, फलाट, प्रवासी, सामान, विलंब. आणि हीच अक्षरं माईकवर फुटतात बघा—प म्हटला की तोंडातून हवा सुटते आणि स्थानकभर फट्ट असा आवाज, बाकावर झोपलेली पोरं दचकून रडायला लागतात. म्हणून माईक तोंडासमोर धरायचा नाही, गालाकडे धरायचा, आणि प हळूच सोडायचा, मांजरीचं पिल्लू जमिनीवर ठेवतो तसा. नवीन येतात त्यांना मीच शिकवतो हे. तेव्हा समोरचा माणूस कुठलं अक्षर गाळतोय, हे माझ्या कानाला लगेच कळतं.

आणि ती गाळत होती! घरी आली ती तोंडाला मास्क लावून. म्हणे सर्दी झालीय. बरं, झाली असेल. पण बोलणं ऐका—‘आई, जेवण नको.’ नेहमी म्हणते, भूक नाही. ‘आई, ते खारट कुठे ठेवलंस?’ खारट! अगं मीठ म्हण की! आणि मला म्हणते, ‘अहो, जरा सरका.’ अहो! मी सरकलोच नाही, मी आधी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे, आणि ती म्हणाली, ‘आता या घरात तुम्हाला अहो म्हणणाऱ्या दोघी झाल्या, मी आजपासून अरे म्हणते.’ हसू नका, मला नाही हसू आलं तेव्हा. मी विचारात पडलो. का सांगू का? सर्दीत काय होतं—नाक चोंदलं की म चा ब होतो. ‘बला बरं वाटत दाही.’ म्हणजे सर्दीत ब वाढतो, ताई, वाढतो! हिच्या सर्दीत ब शोधून सापडेना. म्हटलं, ही नाकाची भानगड नाही, ही ओठाची आहे. जवळ बसवली आणि म्हटलं, म्हण बघू माझ्यामागे—‘बाबा, भाजी मस्त झालीय.’ तिने आईकडे बघितलं. आई ताटात बघायला लागली—म्हणजे आईला माहीत होतं, ते तिथेच कळलं मला. मग मास्कच्या आतून निघालं—‘आवा, हाजी नस्त झालीय.’ झालं! बायको फिस्सकन हसली, मग तीही हसली, हसली तर ओठ ताणला, ओठ ताणला तर ठणका लागला, आणि मास्क खाली आला. ओठ असा हा, आणि त्यात चांदीचा मोती. सगळे हसले. मी सोडून.

मग मी बोललो थोडं. काय बोललो ते जाऊ दे. चार बाप बोलतात तेच. ते नाही महत्त्वाचं.

महत्त्वाचं हे, की काळजी घ्यायला मी काही कमी केलेलं नाही. उगाच म्हणाल, घरी नीट बघितलं नसेल. कामावर निघायच्या आधी पाणी उकळतो, गार करतो, पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ. पहिल्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी मी चांगला शीग लावून चमचा घातला, म्हटलं मोठं भोक तर मोठं मीठ. न्हाणीघरातून किंकाळी आली—‘आग, आग!’—बघा, त्यातसुद्धा ओठाला ओठ लागत नाही. तेव्हापासून मी आधी स्वतः चूळ भरून बघतो. डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट झालं की बरोबर. ते किती खारट असतं हे मला कसं—माहीत असतं हो माणसाला. तर तो पेला मी आरशापाशी ठेवतो, न सांगता. ती वापरते, न सांगता. परत येतो तेव्हा पेला धुऊन उपडा घातलेला असतो. तेवढंच आमचं बोलणं सध्या. आणि बघतोही मी, समोरून नाही, कपाटाच्या आरशातून. पांढरटसा चिकटा येतो तो चालतो ना? हिरवा-पिवळा आला तर वाईट. नाही आला. ती हात लावत नाही, फिरवत नाही, तिखट खात नाही. मीच घरात तिखट बंद केलंय, बायको म्हणते टोचून घेतलं तिने आणि बेचव खातोय आम्ही. सगळं झकास चाललंय. फक्त त्या मोत्यामागची, ओठाच्या आतली दांडी आता फार लांब वाटते, बोलताना दातावर टक् टक् वाजते, दाताला, हिरडीला काही व्हायचं—

काय?

सूज उतरली म्हणून दांडी लांब वाटते. म्हणजे सुजेला जागा हवी म्हणून आधी लांब घालता, आणि उतरली की—हं. हं. ते बरोबर आहे तुमचं. म्हणजे सूज उतरली आहे, असं मीच सांगितलं तुम्हाला.

बरं, उतरली. पण उतरली तरी सवय राहिली असेल, नाही का? पाय मोडलेला माणूस बरा झाल्यावरही लंगडतो काही दिवस. तसं काहीतरी असेल. कारण—नाही, आता लपवून काय उपयोग—म नीट म्हणते ती. ‘मैत्रीण’ म्हणते, ‘मोबाईल’ म्हणते. भाऊ आला होता तिचा, चुलत, तर ‘भाऊ, भाऊ’ करून डोकं उठवलं. आणि परवा तर काय झालं, ती फोनवर बोलत होती, मी आपला दाराबाहेर—उभा नव्हतो, चाललो होतो—आणि आतून स्पष्ट, ठणठणीत, आमच्या माईकवर फुटला असता असा—‘बाप रे!’ बाप रे, म्हणाली. मी तिथेच थांबलो. म्हटलं, चला, निदान बाप तरी निघाला तोंडातून. मग म्हणाली, ‘बाप रे बाप!’ दोनदा, ताई! आणि मला अजून अहो. बसखाली गेलेली चप्पल काढून द्यायला हमालाला हाक मारावी तसं, ‘अहो, तुमचा डबा राहिला.’

हसताय. मास्क आहे तरी कळतं, डोळ्यांवरून कळतं. हसा.

काय बोललो म्हणता? जाऊ द्या म्हटलं ना—बरं. म्हटलं मी, ‘ते काढ आधी. ते तोंडात आहे तोवर मला बाबा म्हणायचं नाही.’ एवढंच. रागात माणूस बोलतो. कालची गोष्ट आज कोण ऐकतं आमच्या घरात! पसारा आवर म्हटलं, जन्मात आवरला नाही. उशिरा येऊ नकोस म्हटलं, उशिरा आली. आणि हे एक, हेच एक, असं तंतोतंत पाळलं की विचारू नका. आणि त्या रात्री तर तिला म्हणताच येत नव्हतं, म्हणजे मी जे येतच नव्हतं ते बंद केलं, आणि आता येतंय तर ते बंदच आहे. माझ्या बायकोचं म्हणणं वेगळंच—‘ओठ सुजला तिचा, आणि तोंड फुगवून बसलात तुम्ही.’ तिला काय, ती आई. ‘आई’ला ओठ लागतात कुठे? तोंडात काही घाला, टोचा, बांधा, आई निघतंच. बापाचंच सगळं ओठावर.

काढून टाकू? काय काढून—नाही नाही नाही, ते नका काढू! आता काढलं तर भोक बुजेल म्हणे, आणि मग ती पुन्हा टोचणार, मला माहीत आहे ती, आणि पुन्हा सूज आणि पुन्हा पाणी. आणि खरं सांगू का, जवळ या जरा—बरं दिसतं तिला. हसली की आधी ते चमकतं. हे तिला सांगायचं नाही.

अशी भुवई का उडवलीत? माझा ओठ? माझ्या ओठाला काय झालंय? मी कशी हाक मारतो तिला—मी ‘बबडे’ म्हणतो. म्हणायचो. आता नाही, आता कसं म्हणणार, ती तिकडे अहो म्हणत असताना मी इकडून—हो, माझा नाही सुजलेला. कळलं. पण मी बाप आहे हो. तुम्ही काय सांगताय ते मला कळत नाही असं नाही. प्रयत्न केलाय मी. खोटं नाही सांगत. माईक बंद असताना काचेच्या खोलीत बसून म्हणून बघितलं—‘माफ कर, बबडे.’ म, फ, ब, ब. पहिल्या म लाच ओठ असे मिटतात आणि उघडतच नाहीत. आयुष्यभर दिवसाला हजार वेळा ‘प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ म्हटलंय, बस कुणाची उशिरा, दिलगीर मी, एकदा अडखळलो नाही. आणि हे—

कधी? आत्ता? इथे येणार आहे? आखूड दांडी घालायला? मग आधी सांगायचं नाही का हो, मी आलो तेव्हाच! मला वाटलं, तुमच्याकडून नुसतं विचारून जावं—ही खुर्ची कशी सरळ—असू दे. काय म्हणू पण? पाय नका वाजवू, ऐकू द्या, जिना चढतंय कुणीतरी. ‘रागावू नकोस’? हुकूम झाला तो. ‘झालं गेलं’—छे, ते बसच्या बाबतीत म्हणतात. एक मिनिट. चुकलो.

चुकलो.

अरेच्चा. म्हणून बघा तुम्ही. चु, क, लो. ओठाला ओठ लागतच नाही की! नुसते पुढे येतात आणि सुटतं. सुजलेल्या ओठाने म्हणता येईल असा शब्द, आणि मी चांगल्या ओठाचा—तीच आहे, तिच्याच चपला. ताई, तुमचं आत काही काम असेल ना? चिमटे वाफवायचे असतील? मग वाफवा की. आत्ताच वाफवा. नाही, दार उघडं नको, ओढून घ्या. हसायचं असेल तर नंतर या, पण आता जा. जा हो. तुमच्यासमोर नाही निघायचं ते माझ्या तोंडातून.