शेठच्या तराजूवर तोललेलं पोर

मी मूळचा भरे गावचाच. बाप भात पिकवायचा, मीबी तेच करतोय, आन संध्याकाळी गावच्या पोरांना हुतूतू शिकवतोय. पोरं वस्ताद म्हणतात. घरची म्हणती, खाचराचा बांध फुटलाय आन तुमी दुसऱ्याची पोरं पळवत बसा. व्हय, बसतोय.

दम शिकवता येतो, पाय कवा टाकायचा तेबी शिकवता येतं. पण काय सांगू तुम्हाला, खेळायच्या आदीच हरायचं कसं, ते मला कुणी शिकवलं न्हवतं.

भातझोडणी उरकली तवाची गोष्ट. पौडला वजनी गटाचे सामने ठरले. नामदेव आमचा चढाईचा गडी, लई चपळ, त्याच्यावरच सगळी भिस्त. वजन मात्र हद्दीला टेकलेलं. गावात काटा कुटला? भात घेणाऱ्या शेठचा पोत्यांचा तराजू, तोच. नामदेव पारड्यात मांडी घालून बसला, हमाल म्हणला, वस्ताद, ह्याचं तोंड सुतळीनं शिवू का? सगळी हसली. दुसरीकडं मापं टाकली, तर पोरगं हद्दीच्या आत, वर शेरभर जागा शिल्लक. म्हणलं, नाम्या, आता बिनघोर जेव.

पौडच्या काट्यावर नामदेव जादा भरला. वस्ताद, मी सकाळपासनं कायबी खाल्लं न्हाई हो, म्हणाया लागला. मी पंचांना म्हणलं, आमी तोलून आणलाय. कुटं? शेठच्या तराजूवर. मागं मुठा गावचा एक म्हातारा उभा होता, त्यो म्हणला, आरं बाबा, भात घेताना कमी दावणारा तराजू पोराला जादा दावंल व्हय? कुणी हसलं न्हाई.

पंचांनी सामन्यापतूर सवड दिली. नामदेव घोंगडी पांघरून उन्हात पळत ऱ्हायला, घाम गाळला, परत काट्यावर चढला. थोडक्यात ऱ्हायलं, पण ऱ्हायलंच. पंच म्हणले, मला वाईट वाटतंय, पण नियम सगळ्यांना सारखा. त्यांचं खरंच होतं. भांडू कुणाशी? त्याच्याबिगर खेळलो आन हरलो.

येताना भऱ्याच्या अलीकडं नामदेव म्हणला, वस्ताद, मंग आमचं भात दरसाली किती कमी भरलं? माझा हिशेब पक्का हाय, मनात झाला बी.

पोरांनी घरोघर सांगितलं, तसं गाव शेठकडं जाब इचाराया गेलं. शेठ म्हणला, पटत नसंल तर दुसरीकडं घाला. दुसरा घेणारा कुटं हाय हितं?

पुढच्या साली नामदेव गटाच्या बाहेर गेला, वाढतं अंग, थांबतंय व्हय? आता त्यो नांगर धरतो, आन संध्याकाळी माझ्या पोरांना पकड शिकवतो. भात अजून त्याच तराजूवर चढतंय. पोर मात्र मी चढवत न्हाई. आधी पौडला चालत नेतो, तितं तोलतो. माझ्या हातात तेवढंच हाय. बाकी त्यांचा दम त्यांना पुरो.