तीस हेन्रीचा चोक मीच आणला

फकरुद्दीन मास्तरांच्या आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा समितीचे प्रमुख माननीय आण्णासाहेब, मुख्याध्यापक महाशय, मंचावरील पाहुणे आणि माझ्या मुरुम गावच्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार. महिला भजनी मंडळाचा हिशेब मी ठेवते, तेव्हा सुरुवात वहीतूनच करते. नवरात्राआधी सोलापुराहून आलेला माल: यंत्राचे काचेचे व्हॉल्व्ह चार, बावीस रुपये. ट्रान्सफॉर्मर दोन, एकतीस रुपये. चोक एक, साडेआठ रुपये. फकरुद्दीन मास्तरांची मजुरी: काही नाही.

रोज शाळा सुटल्यावर बसून मास्तरांनी या सामानातून आपल्या आरतीसाठी आवाज वाढवायचं यंत्र केलं. तिसऱ्या माळेला आरती ऐन रंगात आली आणि कर्ण्यातून घरघर सुरू झाली, जळका वास आला, यंत्र बंद पडलं. मंडपात काय बोललं गेलं? “त्यांच्या हातचं देवीला कसं चालंल?” सारजाबाई, मान खाली घालू नका, तुम्ही एकट्या नव्हता. पण देवीपुढच्या दिव्याचं तेल कुणाच्या हातचं, हे आपण कधी विचारतो का?

आता खरं ऐका. चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. विजेची घरघर तो अडवतो. किती अडवतो ते हेन्रीत मोजतात, आणि त्याची तार किती वीज पेलते ते मिलिअँपिअरमध्ये. मास्तरांनी चिठ्ठीत लिहून दिलं होतं, ‘दहा हेन्री, शंभर मिलिअँपिअर.’ दुकानदार म्हणाला, “हा बारा रुपये. आणि हा तीस हेन्रीचा, साडेआठ.” मी मॅट्रिक झालेली बाई! कमी पैशांत तिप्पट मिळतंय म्हणून उचलला. खाली ‘चाळीस मिलिअँपिअर’ लिहिलेलं वाचलं आणि सोडून दिलं.

मास्तर बघताच म्हणाले, “काकू, हेन्री जास्त हैत, पण तार बारीक हाय. एवढी वीज तिला पेलायची न्हाय. बदलून आणा.”

मी म्हणाले, “उद्या घट बसायचे मास्तर, हाच बसवा. लई चिकित्सा करता तुम्ही!” तिसऱ्या माळेला जळला तो हाच चोक.

दसऱ्यानंतर चिठ्ठी आणि पावती घेऊन मी आण्णासाहेबांकडे गेले. ते म्हणाले, “जाऊ द्या हो वहिनी. मास्तरची बदली झालीच हाय, दोष जाणाऱ्याच्या नावावर राहू द्या.” आण्णासाहेब, तुमचा मान राखून विचारते, हा कुठला न्याय? समितीनं मास्तरांच्या कामाच्या दाखल्यात लिहिलंय, ‘यंत्रकामात निष्काळजी.’ तो दाखला टपालानं मास्तरांच्या बदलीच्या गावी, येरमाळ्याला जायचाय. तिथल्या शाळेत रेडिओचा वर्ग निघतोय. ही ओळ वाचून तो वर्ग मास्तरांच्या हाती कोण देईल? आणि इथं आपण त्यांना हार घालतोय!

बारा रुपयांचा चोक मी काल आणवला, मास्तरांनी रात्रीतून बसवला. माझा आवाज त्याच यंत्रातून येतोय. मागं बसलेल्यांनो, ऐकू येतंय ना? कुठं आहे घरघर?

चिठ्ठी आणि पावती ही अध्यक्षांपुढं ठेवली. ती ओळ काढा. निष्काळजी लिहायचंच असेल, तर माझं नाव लिहा.

निरोपाच्या दिवशी असं बोलायची रीत नाही. कुणाचं मन दुखावलं असेल, तर पदर पसरून क्षमा मागते; बोललेलं मात्र मागं घेत नाही. बोलू दिलंत, उपकार झाले. मास्तर, आई तुळजाभवानी तुमचं भलं करो. दाखला येरमाळ्याला पोचला की त्यात ती ओळ राहिली की गेली, तेवढं मला उलट टपाली कळवा.