शेकडा अडीच रुपये

— नाही, आता पेन धरता येणार नाही तुला. मूठ मिटून बघ. बघितलंस? पंच पट्टीवर सही करून गेले, आता ही सुटली की लढत रद्द. उभा राहू दे त्या टायवाल्या एजंटला बाहेर, तुझे लढतीचे पैसे गुंतवायचा फॉर्म घेऊन. मुद्दामच लवकर बांधली मी. हो, मुद्दाम! रागवायचंय? रागव की, पण तो राग त्या ट्रकवाल्यासाठी राखून ठेव — शेजारच्या खोलीत भिंत ठोकतोय, ऐकू येतंय ना? मागच्या महिन्यात एकाचा जबडा दोन ठिकाणी मोडला त्याने. दाजी? तुझे दाजी आत येणार नाहीत. नको विचारूस. आणि माझ्या बोटांना काही झालेलं नाही, दारात सापडली.

तू बोलू नकोस, दम राखून ठेव, नुसतं ऐक. त्या एजंटच्या योजनेत शेकडा अडीच रुपये कापले म्हणजे काय मोठंसं, असं म्हणाले ना दाजी तुला? बरगडीखालचा ठोसा आठव. पहिल्या फेरीत बसतो तेव्हा हसतोस तू — हसतोस ना? — आणि सातव्या फेरीत पाय उचलत नाहीत, तोंडातून लाळ गळते आणि कशानं झालं तेही कळत नाही. तसंच आहे हे. बाजार चढला तरी अडीच, आपटला तरी अडीच, दरवर्षी अडीच, शिरताना कापतात ते पाच वेगळे, आणि सात वर्षं बाहेर पडायचं नाव काढायचं नाही. वीस वर्षांनी बघशील तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त त्या टायवाल्याच्या घरात! मार खाल्लास तू, आणि सोफा त्याचा. मग स्वस्तातलं काय? इंडेक्स फंड. बाजारातल्या मोठ्यामोठ्या कंपन्या, सगळ्यांचा थोडा थोडा तुकडा घ्यायचा, झालं. निवडायला कुणी शहाणा बसवलेला नाही, त्याला पगार नाही, म्हणून शेकडा वीस-पंचवीस पैशांत भागतं. मधला माणूस नाही. मोबाइलवरून आपलं आपण. माझे आहेत ना, शिकायला येणाऱ्या पोरांच्या फीतून दर महिन्याला टाकतो. पडतो का? पडतो की! एका वर्षी असा आपटला की मला जेवण जाईना. पण काढले नाहीत, म्हणून परत वर आले. अडीअडचणीपुरते बँकेत ठेवायचे, बाकीचे तिकडे, आणि विसरून जायचं. या शेवटच्या पैशांचं तेवढं नीट केलंस ना, की तुला छोटीच्या शाळेसाठी कुणाच्या तोंडाकडे —

काय? शेवटचे म्हणालो मी? या वर्षातले शेवटचे रे, असं म्हणायचं होतं मला.

असा बघू नकोस. मान खाली घाल, दुसऱ्या हाताची पट्टी दाबून घेऊ दे — रक्त? तुझं नाहीये. माझंही नाहीये. बरं बाबा, सांगतो, सांगतो! मघाशी मी संडासात होतो, आणि बाहेर बेसिनपाशी दाजी त्या टायवाल्याला सांगत होते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीनंतर फोन केला होता म्हणे, तो तुझ्याऐवजी यांनीच घेतला, तुला सांगितलंच नाही. तुझ्या उजव्या डोळ्याचा पडदा फाटत आलाय. अजून दोन-चार बसले की दिवा गेला. आज सही घ्या, माझा वाटा द्या, म्हणाले, उद्या हा इस्पितळात असेल, मग बायको सगळं वाचत बसेल, प्रश्न विचारेल. आणि हसले. दोघंही हसले रे! मी दार उघडलं आणि धरली दाजींची मान आणि आपटली बेसिनवर. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज तुला ठाऊक आहे. ते खाली पडले. तिथे थांबायचं होतं ना मी? खाली पडलेल्याला मारायचं नाही, हे कुणी शिकवलं तुला? मीच ना? नाही थांबलो. मारलं, मारलं, दात लागले माझ्या बोटांना तरी मारलं. टायवाला फॉर्म उराशी धरून पळाला. तुझ्या ताईंना काय तोंड दाखवू, माहीत नाही, पण खरं सांगू? बरं वाटलं मला. फार बरं वाटलं.

आणि मग काय केलं मी? इथे आलो आणि तुला पट्टी बांधली. त्यांना सही मिळू नये म्हणून. म्हटलं, लढू दे. ट्रकवाल्याचा डावा हुक तुझ्या उजव्या डोळ्यावरच येणार, तर म्हटलं, सांगू याला उजवा हात गालाला चिकटवून ठेवायला, निघतील आठ फेऱ्या, हातात पैसे पडतील, ते नीट लावू, वीस पैशांत — वीस पैशांत! त्या भडव्याचे अडीच रुपये वाचवले म्हणून मी स्वतःवर खूश, आणि डोळा? त्याचा खर्च कुणी धरला? मी तरी धरला का?

दार वाजवतायत. आपला पुकारा झाला.

बस. बस म्हणतो ना खाली! दे हात. हलू नकोस, कात्री आहे. पैसे? नाही मिळणार. एक दमडी नाही मिळणार, उलट दंड बसेल, मी बघतो ते. ओरड हवं तर. मला मारायचं असेल तर मार, हा हात सुटलाच आहे तुझा. पण आधी तो दुसरा दे. हां. — अहो, थांबा, ढकलू नका दार! पट्टी कापली मी. हो, मीच. सांगा त्या ट्रकवाल्याला, कपडे घाल म्हणावं.

तू अजून इथेच? जा. मागच्या दाराने जा. छोटी जागी असेल, बघ तिच्याकडे डोळे भरून. जा म्हटलं ना!